साडेनऊशे वर्षांचा फेरफार: स्टोक पार्क कुणाकुणाचं होतं

एप्रिल २०२१ मध्ये, आपल्याकडे कोरोनाची दुसरी लाट ऐन भरात असताना एक बातमी सगळ्या ग्रुपवर फिरली, की रिलायन्सनं लंडनजवळची स्टोक पार्क नावाची इस्टेट घेतली, ५ कोटी ७० लाख पौंडांना, म्हणजे तेव्हाच्या हिशोबानं साधारण ५९२ कोटी रुपयांना. मग त्याच वर्षी दिवाळीत पुन्हा आवई उठली की अंबानी कुटुंब तिकडंच राहायला जाणार, आणि कंपनीला जाहीर खुलासा करावा लागला की तसं काही नाही. त्या सगळ्या फॉरवर्डमध्ये दोन वाक्यं हमखास असायची. एक म्हणजे 'नऊशे वर्षं जुनी हवेली' आणि दुसरं 'राणीचा वाडा आता आपल्या माणसाचा'. दोन्ही अर्धवट आहेत. आज दिसणारी हवेली १७९० च्या आसपासची आहे, म्हणजे आपल्या पेशवाईच्या उत्तरार्धातली. नऊशे वर्षं जुनी आहे ती त्या जमिनीची नोंद. आणि राणी तिथं पाहुणी म्हणून आली होती.

मला या विषयात एवढा रस का, तर इंग्लंडमधल्या जमिनीचा इतिहास वाचताना कळलं की एका इस्टेटीच्या मालकांची यादी नीट लावली की त्या त्या काळात पैसा कुठून येत होता हे आपोआप दिसायला लागतं, आणि त्यात आपला संबंध रिलायन्सच्या तीनशे वर्षं आधीच येऊन गेलेला आहे.

आधी दोन शब्द समजून घेऊ, मॅनर आणि फ्रीहोल्ड

१०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमनं इंग्लंड जिंकलं आणि सगळी जमीन आपली असं जाहीर केलं. मग ती आपल्या सरदारांना वाटली, विकली नाही, चाकरीच्या बदल्यात दिली. लढाईला इतके घोडेस्वार आणा, दरबारात हजर राहा, जमीन खा. वीस वर्षांनी, १०८६ मध्ये, त्यानं देशभर मोजणी करून कुठली जमीन कुणाकडं आहे, आधी कुणाकडं होती, नांगर किती, उत्पन्न किती हे सगळं लिहून घेतलं. त्या दप्तराला डोम्सडे बुक म्हणतात. सातबारा आणि फेरफार बघायची सवय असलेल्या माणसाला ते लगेच आपलंसं वाटेल, कारण प्रश्न तेच आहेत, कब्जा कुणाचा आणि आकार किती.

या दप्तरातला एकक म्हणजे मॅनर. नुसतं शेत किंवा नुसता वाडा नाही, तर गाव, शेतं, कुरणं, गिरणी, तिथल्या कुळांकडून येणारा वसूल आणि छोटे तंटे सोडवायचं गावातलं कोर्ट, हे सगळं मिळून एक मॅनर. आपल्याकडं जवळचा शब्द जहागीर. स्टोक पार्कची सुरुवात अशाच एका मॅनरपासून होते.

दुसरा शब्द फ्रीहोल्ड. इंग्लंडच्या कायद्यात आजही जमिनीचा शेवटचा धनी राजमुकुट आहे आणि बाकी सगळे ती त्याच्याकडून 'धरून' असतात. जो हक्क वारसांकडं जातो, विकता येतो, मुदत संपून परत जात नाही, तो फ्रीहोल्ड. ठराविक वर्षांपुरता असेल तर लीजहोल्ड, म्हणजे आपला भाडेपट्टा. पूर्वी असल्या हक्कांचे भरपूर प्रकार होते, १९२५ च्या कायद्यानं छाटून हे दोनच मुख्य ठेवले. गंमतीची गोष्ट अशी की या हक्काला इंग्रजी कायद्यात इस्टेटच म्हणतात. आपण 'त्यानं एवढी इस्टेट केली' म्हणतो तेव्हा घर, शेत, सोनंनाणं डोळ्यासमोर येतं, पण कायद्याच्या भाषेत इस्टेट म्हणजे जमिनीवर तुमचा हक्क किती आणि कुठवर.

राजाची जमीन, मग विकली कशी?

हा प्रश्न कुणालाही पडेल. सुरुवातीला विक्री अवघडच होती, वरच्या सरदाराची मर्जी लागायची आणि बरेच जण विकण्याऐवजी आपल्याखाली आणखी एक कूळ बसवायचे, त्यामुळं साखळी लांबत जायची आणि वरच्याचा वसूल बुडायचा. १२९० मध्ये पहिल्या एडवर्ड राजानं कायदा करून हे थांबवलं. फ्रीहोल्ड असलेला माणूस आता जमीन मोकळेपणानं विकू शकत होता, फक्त घेणारा बरोबर त्याच्या जागी येऊन बसायचा, मध्ये नवीन पायरी तयार व्हायची नाही. हळूहळू चाकरी आणि घोडेस्वार हे सगळं मागं पडलं आणि नाव राजाचं, व्यवहार लोकांचा असं झालं. आज फ्रीहोल्डवाला माणूस आपल्या लेखी सरळ मालकच असतो.

पहिली पाचशे वर्षं: जमीन लग्नातून फिरली

लंडनच्या पश्चिमेला, बकिंगहॅमशर परगण्यात, आताच्या स्लाऊ शहरापासून दोनतीन मैलांवर स्टोक हे गाव. नॉर्मन यायच्या आधी ते सिरेट नावाच्या माणसाकडं होतं. तो हॅरल्डच्या पदरी होता, तोच हॅरल्ड जो पुढं इंग्लंडचा राजा झाला आणि १०६६ च्या लढाईत विल्यमविरुद्ध लढताना मारला गेला. धनी गेला आणि सिरेटची जमीनही गेली. १०८६ च्या दप्तरात तिथं विल्यम फिट्झ-अन्सकल्फचं नाव आहे. म्हणजे या इस्टेटीचा अगदी पहिला लेखी फेरफारच जप्तीचा आहे, हे लक्षात ठेवायला हवं, कारण पुढं 'मूळ मालक कोण' असा वाद निघाला की लोक नॉर्मन सरदारापासून सुरुवात करतात.

नंतरची साधारण चारशे वर्षं बघितली तर विक्री फारशी दिसत नाही, लग्नं दिसतात. इंग्लंडमध्ये सगळी जमीन थोरल्या मुलाला जायची, धाकट्यांना वाटणी नाही. आपल्याकडं चार भावांत शेताचे चार तुकडे होतात आणि बांधावरून भांडणं होतात, तिकडं तुकडे झाले नाहीत म्हणून या इस्टेटी इतक्या मोठ्या राहिल्या. मुलगाच नसेल तर मात्र जमीन मुलीकडं यायची आणि तिच्याबरोबर नवऱ्याच्या घराण्यात जायची. तेराव्या शतकात अमिशिया नावाची स्टोकची वारस मुलगी होती, तिनं रॉबर्ट पोगीसशी लग्न केलं आणि गावाचं नावच स्टोक पोजेस झालं, आजही तेच आहे. जमीन तिची, माहेर तिचं, वारसा तिचा आणि गावाला नाव लागलं नवऱ्याचं! पुढं तसंच लग्नातून ती मोलिन्स घराण्यात गेली, मग हंगरफर्ड, मग पंधराव्या शतकाच्या शेवटी हेस्टिंग्ज. दर वेळी एक मुलगी हा दुवा आहे आणि यादीत मोठ्या अक्षरात येतं ते नवऱ्याचं आडनाव.

हेस्टिंग्जांपैकी हंटिंग्डनच्या अर्लनं १५५५ मध्ये तिथं विटांचा मोठा वाडा बांधला. त्याचा मुलगा राणीच्या चाकरीत कर्जात बुडाला आणि इस्टेट राजसत्तेकडं गेली.

घर म्हणजे किल्ला म्हणणारा वकील

इथं येतो एडवर्ड कुक. स्पेलिंग बघून लोक कोक वाचतात, उच्चार कुक. एलिझाबेथ राणीचा ॲटर्नी जनरल, पुढं मुख्य न्यायाधीश, आणि इंग्लंडच्या जमीन कायद्यावर त्यानं १६२८ मध्ये लिहिलेला ग्रंथ दोनशे वर्षं वकिलीच्या पोरांना घोकावा लागला. 'माणसाचं घर हा त्याचा किल्ला' हे तत्त्व १६०४ च्या एका खटल्यातून त्यानंच मांडलं, सरकारी माणसालासुद्धा दार ठोठावून, कारण सांगूनच आत यावं लागेल. आज पोलिसांना झडतीसाठी वॉरंट का लागतं याची एक मुळी तिथपर्यंत जाते. १६०१ मध्ये एलिझाबेथ राणी स्टोकला याच्याकडं पाहुणी आली होती आणि यानं दागदागिन्यांचा नजराणा केला होता. 'राणीचा वाडा' म्हणतात तो एवढ्यावरून.

जमीन पूर्वी सरदारांची, आता वकिलाची. हा बदल फार मोठा आहे. तलवारीनं किंवा लग्नानं येणारी जमीन आता फीच्या पैशातून यायला लागली होती.

पण कुकची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १६१७ मध्ये राजाची मर्जी परत मिळवायला त्यानं आपल्या मुलीचं, फ्रान्सिसचं, लग्न राजाच्या लाडक्या सरदाराच्या भावाशी ठरवलं. मुलगी कोवळ्या वयातली, तिला ते नको होतं, आईलाही नको होतं. आईनं, लेडी हॅटननं, मुलीला दुसऱ्या एका घरात लपवलं. तर घर हा किल्ला म्हणणारा हाच माणूस मुलं आणि हत्यारबंद नोकर घेऊन गेला, दार फोडलं आणि मुलीला ओढून आणलं. लग्न झालं. मला या सगळ्या साडेनऊशे वर्षांत सगळ्यात जास्त वाईट या मुलीचं वाटतं, कारण तिच्या बापानं लिहिलेला कायदा तिच्यासाठी नव्हताच. तेव्हा लग्न झालं की बायकोची मालमत्ता नवऱ्याच्या ताब्यात जायची, आणि ते पूर्णपणे बदलायला १८८२ उजाडलं.

गेयर, बीअर आणि मुंबईचा पहिला धागा

कुक १६३४ मध्ये इथंच वारला. यादवी युद्धात हरलेल्या पहिल्या चार्ल्स राजाला १६४७ मध्ये काही दिवस या वाड्यात कैदेत ठेवलं होतं. मग १६५६ मध्ये इस्टेट गेयर कुटुंबानं विकत घेतली. हे लंडनच्या व्यापारी घराण्यातले, बाप जॉन गेयर लंडनचा लॉर्ड मेयर होऊन गेलेला. याच घराण्यातला, लॉर्ड मेयरचा पुतण्या, तोही जॉन गेयर, ईस्ट इंडिया कंपनीतर्फे १६९४ पासून मुंबईचा गव्हर्नर होता आणि पुढं सुरतेला मुघलांच्या कैदेतही पडला. म्हणजे संताजी-धनाजी मोगलांशी लढत होते त्याच काळात मुंबईच्या किल्ल्यात बसलेल्या माणसाचे चुलत भाऊबंद स्टोक पोजेसच्या वाड्यात राहत होते. गव्हर्नराचा पैसा या इस्टेटीत लागला असं मी म्हणत नाही, पण लंडनचं व्यापारी घराणं, कंपनी, मुंबई आणि गावाकडची जमीन हे सगळं एकाच कुटुंबात कसं बसत होतं ते यातून दिसतं.

१७२० मध्ये घेणारा होता एडमंड हॅल्सी, साऊथवर्कच्या बीअर कारखान्याचा मालक. त्याची मुलगी ॲन मोठ्या सरदाराला दिली, ती पुढं लेडी कॉबम म्हणून इथं राहिली. बीअरच्या पैशावर एका पिढीत सरदारकी, यात तिथं कुणाला नवल वाटत नव्हतं. गावच्या दफनभूमीवरच्या शोकगीतासाठी गाजलेला कवी थॉमस ग्रे, त्याचं इथं येणंजाणं होतं. त्याची आई याच गावात राहायची आणि तिच्या विटांच्या बुटक्या थडग्यातच तो पुरलेला आहे. थडग्यावर त्याचं नाव नाही, समोर चर्चच्या भिंतीत एक छोटी पाटी आहे, तेवढीच खूण. इतक्या नावांच्या या गावात सगळ्यात जास्त लोक ज्याच्यासाठी येतात त्याच्या नावावर तिथली जमीन कधीच नव्हती.

पेनसिल्व्हेनियाचा पैसा

१७६० मध्ये ही इस्टेट थॉमस पेननं घेतली, आणि इथं जरा थांबायला हवं. अमेरिकेतलं पेनसिल्व्हेनिया राज्य, त्याचं नाव या घराण्यावरून आहे. थॉमसचा बाप विल्यम पेन, त्याला १६८१ मध्ये दुसऱ्या चार्ल्स राजानं तो अख्खा मुलूख दिला, कारण राजसत्तेकडं त्याच्या वडलांचं १६,००० पौंडांचं येणं होतं. उधारीच्या बदल्यात एक राज्य. तिथं राहणाऱ्या लेनापी लोकांना अर्थात कुणी विचारलं नव्हतं, पण विल्यम पेन निदान त्यांच्याशी करार करून, पैसे मोजून जमीन घ्यायचा प्रयत्न करायचा.

मुलांनी तसं केलं नाही. १७३७ मध्ये थॉमस आणि त्याच्या माणसांनी एक जुना कागद पुढं केला, त्यात म्हणे लेनापींनी 'दीड दिवसात माणूस जितकं चालेल तितकी' जमीन दिली होती. लेनापींच्या डोक्यात साधं चालणं, वाटेत थांबणं, जेवणं. पेनच्या माणसांनी आधी जंगलातून वाट साफ करून ठेवली आणि तीन दणकट गडी शर्यतीला सोडल्यासारखे सोडले. दोघं वाटेतच गळाले. तिसरा साठ मैलांच्या वर गेला. मग तिथून रेघही नदीच्या दिशेनं अशी तिरकी ओढली की साधारण १२ लाख एकर जमीन त्यांच्या पदरात पडली. आपल्याकडं गावात तलाठ्याला हाताशी धरून बांध सरकवतात ना, तेच, फक्त सरकलेला बांध एका जिल्ह्याएवढा होता.

त्या जमिनीचे प्लॉट पाडून वसाहतवाल्यांना विकायचे, वर दरवर्षी ठराविक पट्टी घ्यायची, हा पेन कुटुंबाचा धंदा. त्या थॉमसनं स्टोक घेतलं. १७७५ मध्ये तो वारला, इस्टेट मुलगा जॉन पेनकडं आली आणि लगेच अमेरिकेत क्रांती झाली. १७७९ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळानं न विकलेली सगळी जमीन काढून घेतली आणि पेन कुटुंबाला १,३०,००० पौंड भरपाई ठरवली. शिवाय १७९० मध्ये ब्रिटिश पार्लमेंटनं वर्षाला ४,००० पौंडांची नेमणूक लावून दिली. जॉन पेननं जुना वाडा बराचसा पाडला, त्याची एक बाजू राखली आणि पांढरीशुभ्र, खांबांची, घुमटाची नवीन हवेली बांधायला काढली. वास्तुविशारद रॉबर्ट नॅस्मिथ, त्याच्यानंतर जेम्स वायट. हीच आजची स्टोक पार्कची हवेली. त्यानं बागेत एक उंच खांब उभारून वर एडवर्ड कुकचा पुतळाही बसवला, १८०० मध्ये. आधीच्या मालकाचा पुतळा नंतरचा मालक आपल्या पैशानं उभारतो, कारण जुन्या मालकांचं वजन आपल्यालाही चिकटावं.

म्हणजे हे सगळं लुटीच्या पैशाचं?

हा प्रश्न आता इंग्लंडमध्येही जोरात विचारला जातोय. तिथं नॅशनल ट्रस्ट नावाची मोठी संस्था आहे, जुनी घरं आणि निसर्ग जपणारी. तिनं २०२० मध्ये अहवाल काढला की तिच्याकडच्या ९३ जागांचा वसाहतींशी किंवा गुलामगिरीशी संबंध आहे, त्यात ईस्ट इंडिया कंपनीही आली. त्यावर तिथं केवढा गदारोळ झाला, लोक म्हणाले की आमच्या सुंदर घरांना कशाला चिखल फासता.

माझं मत स्पष्ट आहे, हे सांगितलंच पाहिजे. पण सांगताना अचूक सांगावं. स्टोक पार्कच्या हवेलीमागं मुख्य पैसा अमेरिकेतल्या जमिनीचा आहे, भारतातला नाही, त्यामुळं 'आपल्याच लुटीच्या पैशाचं घर आपण परत घेतलं' हे या घराला लागू होत नाही. भारताच्या पैशाची घरं बघायची तर वॉरन हेस्टिंग्जचं डेल्सफर्ड किंवा क्लाइव्हचं क्लेअरमाँट बघावं. इथं ज्यांचं गेलं ते लेनापी, आणि त्यांचे वारस आज पेनसिल्व्हेनियापासून फार लांब, बहुतेक ओक्लाहोमात आणि कॅनडात आहेत. आपल्या अभिमानाच्या घाईत त्यांचं नाव पुसलं जाऊ नये एवढंच वाटतं.

एवढ्या श्रीमंतांना विकावं का लागलं?

जॉन पेन अविवाहित वारला, इस्टेट भावाकडं आणि मग पुतण्याकडं गेली, आणि १८४८ मध्ये विकली गेली हेन्री लाबुशेर या राजकारण्याला. १८६३ मध्ये एडवर्ड कोलमनला. बघा, आता वेग वाढतोय. पेन घराणं जवळजवळ नव्वद वर्षं टिकलं, आता पंधरा-वीस वर्षांत मालक बदलतोय.

इतर इस्टेटी मात्र टिकल्या होत्या, आणि त्यामागं वकिलांची एक युक्ती होती. बाप कागद असा करायचा की मुलगा फक्त हयातीपुरता मालक, उत्पन्न खाईल पण विकू शकणार नाही, पुढं नातवाला जाईल. नातू सज्ञान झाला की त्याच्याकडून पुन्हा तसाच कागद. पिढ्यानपिढ्या. कुणी जुगारी निघाला तरी घर शाबूत. पण १८७० नंतर अमेरिकेचा स्वस्त गहू जहाजांनी यायला लागला, इंग्लंडमध्ये शेतमालाचे भाव पडले, कुळांकडून येणारा खंडही उतरला आणि उत्पन्न नाही, विकताही येत नाही अशी कोंडी झाली. मग १८८२ च्या कायद्यानं हयातीपुरत्या मालकाला विकायची मुभा दिली, पैसे मात्र विश्वस्तांकडं ठेवायचे.

दुसरा दणका वारसा कराचा. मालक वारला की सगळ्या मालमत्तेवर कर. १८९४ मध्ये जास्तीत जास्त ८ टक्के, १९१९ ला ४० टक्के, १९४९ ला ८०. याचं सगळ्यात चटका लावणारं उदाहरण चॅट्सवर्थचं आहे, १५४९ पासून एकाच कॅव्हेंडिश घराण्याकडं असलेलं. दहाव्या ड्यूकनं कर वाचावा म्हणून इस्टेट मुलाच्या नावे केली, पण तेव्हाचा नियम असा की दिल्यानंतर पाच वर्षं जगायला हवं. तो १९५० च्या नोव्हेंबरमध्ये गेला. १४ आठवडे कमी पडले. ८० टक्के कर लागला, जमिनी गेल्या, चित्रं गेली, हार्डविक हॉल नावाचं दुसरं घर सरकारला द्यावं लागलं. आज चॅट्सवर्थ एका ट्रस्टकडं आहे आणि ड्यूकचं कुटुंब तिथं ट्रस्टला भाडं भरून राहतं. ज्यांना असं काही जमलं नाही त्यांनी घरं पाडून दगड आणि लाकूड विकलं. विसाव्या शतकात इंग्लंडमध्ये अशी हजारावर घरं पडली.

काडेपेटी ते क्लब

१८८७ मध्ये स्टोक पार्क घेतलं विल्बरफोर्स ब्रायंटनं, ब्रायंट अँड मे या काडेपेटी कंपनीच्या कुटुंबातला. पुढच्याच वर्षी, जुलै १८८८ मध्ये, पूर्व लंडनमधल्या त्या कारखान्यातल्या साधारण १,४०० बायका आणि मुलींनी संप केला. पगार तुटपुंजा, वर बारीकसारीक दंड, आणि काड्यांना लावायच्या पांढऱ्या फॉस्फरसनं जबड्याचं हाड सडायचं. आधी दात दुखायचा, मग जबडा सुजायचा, आणि हाड कुजून बाहेर यायचं. एका टोकाला ती पोरगी आणि दुसऱ्या टोकाला घुमटाची हवेली, आणि मधलं अंतर जेमतेम तीस मैल. संप त्या मुलींनी जिंकला, पण पांढऱ्या फॉस्फरसवर बंदीचा कायदा यायला १९०८ उजाडलं.

त्याच १९०८ मध्ये निक लेन जॅक्सन या खेळवेड्या माणसानं जागा घेऊन कंट्री क्लब काढला, ब्रिटनमधला पहिला म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. गोल्फ कोर्स हॅरी कोल्टनं आखला. एवढं मोठं घर एका कुटुंबाला परवडेना, मग वर्गणी भरणाऱ्या शेकडो सभासदांनी मिळून ते वापरावं, असा तो हिशोब. नंतर स्लाऊच्या औद्योगिक वसाहतीमागचे सर नोएल मॉब्स मालक झाले, त्यांनी चर्चच्या आसपास घरबांधणी होऊ नये म्हणून तिथं स्मृतिउद्यान उभं केलं. आणि १९६४ च्या बाँडपटातला गोल्फचा सामना इथंच झाला, त्यामुळं नाव ऐकलं नसलं तरी हवेली बऱ्याच जणांनी पडद्यावर पाहिलेली असते.

१९५८ मध्ये गोल्फ कोर्सची जमीन वेगळी काढून तिथल्या स्थानिक कौन्सिलला विकली गेली, त्यावर बांधकाम होऊ नये या अटीसकट. जमीन एकाची आणि वापर दुसऱ्याचा, ही कल्पना नवी मुंबईत सिडकोच्या भाडेपट्ट्यावर राहणाऱ्यांना वेगळी समजावून सांगायला नको.

२०२१ मध्ये नक्की काय विकलं गेलं

आता बातमीकडं येऊ. रिलायन्सच्या एका उपकंपनीनं स्टोक पार्क लिमिटेड या ब्रिटिश कंपनीचे सगळे शेअर घेतले. घराचं खरेदीखत झालं असं नाही. तुमची सहकारी सोसायटी आठवा, जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावावर आणि तुमच्या हातात शेअर सर्टिफिकेट. इथं समजा सगळीच्या सगळी सर्टिफिकेटं एकाच्या हातात आली. तर जमिनीच्या दप्तरात नाव तेच राहतं, बदलतो तो नावामागचा माणूस. १०८६ मध्ये सिरेटचं नाव जाऊन फिट्झ-अन्सकल्फचं लागलं होतं, २०२१ मध्ये जमिनीच्या दप्तरातलं नाव बदलायची गरजच नव्हती.

असे व्यवहार जगभर होतात, बेकायदा काही नाही. धंदा, नोकर, करार, परवाने, सगळं एका कंपनीत असल्यानं एकदम हातात येतं. ब्रिटनमध्ये करही वेगळा लागतो, शेअरवर अर्धा टक्का आणि व्यापारी जागेवर वरच्या टप्प्यात ५ टक्के. पण यामुळं सामान्य माणसाला खरा मालक कळणं अवघड होतं, म्हणून २०२२ मध्ये तिथं कायदा आला की ब्रिटनमध्ये जमीन असलेल्या परदेशी कंपन्यांनी आपल्यामागचा माणूस कोण हे जाहीर नोंदवावं.

मालक झालो, मग काहीही करता येईल का?

नाही, आणि फॉरवर्डवाल्यांना हे कुणी सांगत नाही. स्टोक पार्कची हवेली जपणुकीच्या यादीत सगळ्यात वरच्या दर्जाची आहे. तिच्या रूपात फरक पडेल असा बदल, मग तो खिडकीचा असो की आतल्या जिन्याचा, परवानगीशिवाय केला तर तो फौजदारी गुन्हा ठरतो, नुसता दंडाचा विषय नाही. आजूबाजूचा भाग ग्रीन बेल्टमध्ये, म्हणजे शहर पसरू नये म्हणून मोकळा ठेवलेला. आणि इंग्लंडमध्ये शेतांमधून, बागांमधून जुन्या पायवाटा असतात ज्यांवरून चालायचा हक्क लोकांना असतो, मालक बदलला तरी वाट बंद होत नाही, नवीन मालक ती वाट पोटात घेऊनच जमीन विकत घेतो. ४९ खोल्या, २७ होलचा गोल्फ कोर्स, १३ टेनिस कोर्ट हे सगळं बातमीत होतं, या बंधनांबद्दल ओळही नव्हती.

आणि जुनं मॅनर म्हणाल तर ते आता एकसंध राहिलेलंच नाही. हवेली कंपनीची. मॉब्सचं स्मृतिउद्यान बकिंगहॅमशर कौन्सिलचं. चर्चच्या शेजारच्या शेतात जॉन पेननं १७९९ मध्ये उभारलेलं ग्रेचं स्मारक नॅशनल ट्रस्टचं. थडग्यांचं अंगण चर्चचं. हेस्टिंग्जांच्या १५५५ च्या वाड्याची राखलेली ती एक बाजू अजून उभी आहे, विटांची, उंच धुराड्यांची, आणि खांबावरचा कुकही आहे तिथंच.